स्वल्पविराम मोजणाऱ्या फरीदाआपा

आपा गेल्याचा निरोप मोबाइलवर आला, आणि मी तो खरा मानला नाही. जुन्या ऑफिसातल्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी कुठून तरी आलेला मजकूर पुढे ढकलला होता. मुरुडच्या फरीदा बी यांचा इंतकाल झाला, एवढाच. मुरुडमध्ये फरीदा नावाच्या बायका काय थोड्या आहेत... आडनाव नाही, मोहल्ला नाही, निरोप मूळचा कुणाचा तेही नाही. त्याच्याखाली बाकीच्यांनी हात जोडायला सुरुवातही केली होती. मी जोडले नाहीत. आपांच्या घरी फोन लावला. आपांच्या भावजयीनं, नजमाभाभींनी तो उचलला, आणि त्या बोलायच्या आधीच मागून बायकांचा जो आवाज आला त्यावरून मला कळलं. तरीही मी विचारलं, आणि त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच खाली बसले. खात्री करून न घेता मी रडायला लागले असते तर आपांना ते मुळीच आवडलं नसतं, असं तेव्हाही मनात येऊन गेलं.

न्हावा शेवा बंदराच्या मागच्या अंगाला कंटेनर उतरवून ठेवायची मोठमोठी आवारं आहेत. त्यांतल्या एका आवाराच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघी कामाला होतो. मी काशीदच्या अलीकडच्या एका गावातली, बौद्धवाडीतली, मास्तरांची मुलगी. कॉलेज संपल्यावरची ती माझी पहिली नोकरी. आपा माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. आखातातल्या एका बंदरावर बरीच वर्षं डेटाबेसचं काम करून त्या परत आल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. आठवडाभर आम्ही उरणला शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो आणि शनिवारी एसटीनं एकत्र घरी निघायचो. मी काशीदच्या अलीकडे उतरायची, त्या पुढे मुरुडला जायच्या. गाडीवर ‘मुरुड’ अशी पाटी असली तरी त्या कंडक्टरला विचारायच्या, आणि कंडक्टर हो म्हणाला तरी पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारायच्या. बाजारात पापलेटचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय भाव विचारायच्या नाहीत. ऑफिसात त्यांना मागे ‘पोलीसबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

कामाचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय आपा कळणार नाहीत. एका व्यापाऱ्याचा माल बऱ्याचदा अनेक कंटेनरमधून येतो. आमच्याकडच्या जुन्या प्रणालीत अशा सगळ्या कंटेनरचे नंबर एकाच रकान्यात, मध्ये स्वल्पविराम टाकून, एकापुढे एक लिहिलेले असायचे. माणसानं वाचलं तर त्याला कळतं की हे वेगवेगळे डबे आहेत. डेटाबेसला ते कळत नाही. त्याच्या लेखी तो एकच लांबलचक शब्द. यातला धोकादायक माल कुठल्या डब्यात आहे असं त्याला विचारायचं, तर आधी तो शब्द प्रत्येक स्वल्पविरामापाशी तोडावा लागतो आणि प्रत्येक नंबराची स्वतंत्र ओळ करावी लागते. रोज सकाळी ही तोडणी व्हायची, मग एकेक नंबर जहाजाकडून आलेल्या धोकादायक मालाच्या माहितीशी ताडून बघितला जायचा, आणि त्यातून एक लाल कागद छापून निघायचा. लाल कागदावर आलेले कंटेनर आवाराच्या टोकाला, भिंतीआड ठेवत. जे त्यावर नाहीत ते कुठेही ठेवले तरी चालत.

ही तोडणी करणारा जुना प्रोग्राम फार हळू चालायचा, म्हणून तो नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरच्या कुणी कंत्राटदारानं तो आपा यायच्या आधी कधीतरी लिहून दिलेला होता. मी माझा लिहिला, चालवून पाहिला. नंबर कसे सुटसुटीत एकाखाली एक उभे राहिले. मी खुशीत आपांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं.

“छान आहे. पण यकीन कशावर ठेवू?”

मी म्हटलं, बघा ना, सगळ्या ओळी आल्यात.

“आलेल्या ओळी दिसतात, वैशू. न आलेली ओळ कुठं दिसते?”

मग त्यांनी मला शिकवलं ते मी आजही करते. तोडायच्या आधी स्वल्पविराम मोजायचे. पूर्ण मजकुराची लांबी घ्यायची, सगळे स्वल्पविराम काढून टाकून पुन्हा लांबी घ्यायची, फरक तेवढे स्वल्पविराम. ओळी त्याहून एकानं जास्त यायला हव्यात. एक कमी नाही, एक जास्त नाही. माझ्या ओळी बरोबर भरल्या. मी सुटकेचा श्वास टाकून उठणार, तोच त्या म्हणाल्या की आता हाच हिशेब जुन्या प्रोग्रामला लाव. कुणी सांगितलं नव्हतं. जुना तर बंदच होणार होता. मी लावला, आणि जुन्याच्या ओळी कमी भरल्या.

आमच्या व्यवस्थापकांकडे त्याला उत्तर तयार होतं. टायपिंग करणारे शेवटच्या नंबरानंतरही सवयीनं एक स्वल्पविराम मारतात, त्यामुळे एक रिकामी ओळ जास्तीची मोजली जाते, त्यात एवढं काय. उत्तर चुकीचं नव्हतं. तसं होतंच. मलाही ते पटलं. आपांनी मान डोलावली, जागेवर आल्या, रिकाम्या ओळी सगळ्या वगळल्या आणि पुन्हा मोजणी केली. तरीही ओळी कमीच. दुपारपर्यंत कारण सापडलं. जुन्या प्रोग्रामनं तो लांब मजकूर धरून ठेवायला जी जागा केली होती तीच अपुरी होती. यादी त्याहून लांब झाली की शेपूट छाटलं जायचं. शेवटचा नंबर कधी पूर्ण जायचा, कधी अर्धा उरायचा. अर्धा नंबर कशाशीच जुळत नाही. मग तो लाल कागदावर येत नाही, आणि चूक झाली असंही कुठे उमटत नाही. इतकी वर्षं हे सगळं गुपचूप चाललं होतं.

मला ती प्रोग्राममधली एक चूक वाटली. आपांना तसं वाटलं नाही. छाटले गेलेले नंबर त्यांनी वेगळे काढले आणि त्यांकडे बघत बसल्या. बरेचसे साधेच होते, फरशा, कागद, कापड. पण मधून मधून एखादा धोकादायक मालाचा होता, आणि असे जे होते ते एकाच एजंटच्या यादीतले होते. त्या एजंटच्या छोट्या याद्यांत धोकादायक डबा कुठेही असायचा, सुरुवातीला, मध्ये. लांब यादी असली की मात्र शेवटी. भिंतीआडच्या जागेचं भाडं जास्त पडतं हे आवारात सगळ्यांना माहीत होतं. त्या याद्या आमच्याकडे घेऊन यायचा त्या एजंटचा माणूस, सावंत. गोड बोलणारा, येताना सगळ्यांना नमस्कार करत येणारा. आपा म्हणाल्या, “हा वहीम आहे, पुरावा नाही. असं चार वेळा आपोआपसुद्धा होऊ शकतं.” पण ते म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला होता, आणि त्यांनी उठून दार लावून घेतलं होतं.

त्या छाटलेल्या धोकादायक नंबरांतला एक डबा त्या दिवशी आवारातच होता. आपांनी तो कुठे ठेवलाय ते शोधलं आणि मला बरोबर घेऊन निघाल्या, ओढणीवर हेल्मेट चढवून. तो निघाला माथाडी कामगार जेवायला बसतात त्या पत्र्याच्या शेडला लागून. रामदास म्हणून उरणकडचा एक जुना कामगार तिथे जेवणाचा डबा सोडून बसला होता. त्याचे डोळे लाल होते. आपांनी विचारलं, इथे काही वास येतो का.

“व्हय आपा, कालपासनं येतंय. डोलं चुरचुरतान. पन कागदावर न्हाय ना तो, मंग आमचं कोन आयकतंय.”

आपांनी वाद घातला नाही, कुणाला फोन करून परवानगी मागितली नाही. त्यांनी जेवायला बसलेल्या सगळ्यांना उठवलं, वारा कुठून येतोय ते हात वर करून पाहिलं आणि सगळ्यांना त्या बाजूला, गेटकडे जायला लावलं. मग आगीच्या बंदोबस्ताचे अधिकारी आले, मुखवटे लावून माणसं आली, डबा उघडला गेला. आत पिंपं होती. त्यातलं एक कलंडून झाकणाशी पाझरत होतं आणि खालची लाकडी फळी काळी पडली होती. दोघा-तिघांचे डोळे धुवावे लागले. एकाला श्वासाचा त्रास झाला, त्याला दवाखान्यात ठेवलं, तो बरा होऊन आला. त्यापुढे काही झालं नाही. काय झालं असतं ते मुखवटेवाल्या अधिकाऱ्यानं व्यवस्थापकांना बाजूला घेऊन सांगितलं. आम्हाला ऐकू आलं नाही, पण परत आल्यावर व्यवस्थापक एकदम खुर्चीत बसले.

यानंतर आपांचं कौतुक झालं असेल असं वाटेल. चौकशी झाली. अहवालात ‘संगणकीय त्रुटी’ असे दोन शब्द आले, आणि संगणक म्हणजे आमचा विभाग, विभाग म्हणजे आपा. एजंटच्या यादीत नंबर होता, त्यानं काही लपवलं नव्हतं, तुमच्या यंत्रानं तो गाळला... हे म्हणणं कागदावर बरोबरच होतं. मग कुणीतरी असं काढलं की शेकडो डब्यांतला नेमका तोच डबा या बाईंना कसा सापडला? ठाऊक असल्याशिवाय का? स्वतःच नंबर गाळायचा आणि स्वतःच शोधून काढायचा, असंही होऊ शकतं. नंतर तर त्यांच्या आखातातल्या वर्षांबद्दल विचारणा सुरू झाली. कुठे राहात होत्या, कुणासाठी काम करत होत्या, इथे परत का आल्या. हे प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारले गेले नसते, आणि ते विचारताना आवाजाची जी एक धार असते ती माझ्या ओळखीची होती. आमच्या वाडीचं नाव ऐकल्यावर माझ्याशी बोलतानाही ती मी ऐकलेली आहे.

एका शनिवारी सकाळी व्यवस्थापकांनी मला आत बोलावलं. आपा काय उघडतात, काय कॉपी करतात, कुणाशी बोलतात यावर जरा लक्ष ठेव, म्हणाले. दुपारी आम्ही एसटीत बसलो. रेवदंड्याच्या पुलावर मी आपांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आपा चिडतील.

“ठेव की लक्ष,” त्या म्हणाल्या. “खरंच ठेव. माझंही कुणीतरी तपासायला हवंच ना.”

आणि मग, खिडकीबाहेर बघत, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांचा मुरुडला नारळीच्या बागेत छोटा लॉज होता, चार-सहा खोल्यांचा. आपा शाळेत होत्या तेव्हा पुण्याकडून मुलांचा एक घोळका आला होता. वडिलांनी वहीत एकाचं नाव लिहून घेतलं आणि पुढे ‘व मित्र’ असं लिहिलं. तेव्हा तसंच लिहायची पद्धत होती. पाण्याची कळशी आपांनी नेऊन दिली होती. मुलं काशीदला पोहायला गेली, संध्याकाळी परतली, जेवली, सकाळी हिशेब करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी काशीदच्या किनाऱ्यावर एक बुडालेला मुलगा मिळाला. पोलीस लॉजवर आले. हा तुमच्याकडे उतरलेला का? वडिलांनी वही उघडली. वहीत तो होताही आणि नव्हताही. बाकीची पोरं घाबरून, कुणाला न सांगता पळून गेली होती. ज्याचं नाव लिहिलेलं होतं त्याचा पत्ताही खोटा निघाला. “त्याच्या घरचे यायला कितीतरी दिवस लागले, वैशू. तोवर त्याला नावच नव्हतं. मी त्याला पाणी दिलं होतं आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.” पुढे वडिलांच्या लॉजवर एका ओळीत एकच माणूस लिहायचं काम आपांनी स्वतःकडे घेतलं. पाहुणे कटकट करायचे. आपा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून नाव लिहायच्या.

मी उतरले तेव्हा त्यांनी नेहमीसारखंच, सामान सगळं घेतलंस का म्हणून विचारलं आणि सीटखाली वाकून स्वतः बघितलं.

व्यवस्थापकांना मी सोमवारी जाऊन सांगितलं की आपांनी स्वतःच त्यांचे सगळे पासवर्ड तपासणीसाठी लिहून दिलेत, आता लक्ष ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. ते खरंच होतं. सकाळी पहिलं काम त्यांनी तेच केलं होतं. त्यानंतर त्यांचं टेबल आमच्या खोलीतून हलवून सामानाच्या खोलीशेजारी नेलं. त्यांच्यावर कधी काही सिद्ध झालं नाही, त्यांची कधी कुणी माफीही मागितली नाही. नवा प्रोग्राम सुरू झाला, मोजणीसकट. ओळी कमी भरल्या की तो तिथेच थांबतो आणि लाल कागद निघतच नाही. रामदास अधूनमधून त्या सामानाच्या खोलीशी येऊन उभा राहायचा, घरच्या जांभळांची पुडी ठेवून जायचा. सावंत पूर्वीसारखाच नमस्कार करत यायचा. आपाही नमस्कार करायच्या. त्यांनी त्याला कधी काही विचारलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या की पुराव्याशिवाय विचारलं तर तो खोटं बोलेल, आणि एकदा खोटं बोललेला माणूस मग तेच धरून बसतो.

वर्षभरानं आईकडे बघायचं म्हणून त्यांनी नोकरी सोडली. आई गेली, आणि मग त्यांचंच दुखणं निघालं, मूत्रपिंडाचं. अलिबागच्या दवाखान्यात मी भेटायला जायची. तिथे प्रत्येक रिपोर्ट हातात आला की त्या आधी नाव वाचायच्या, मग वय, मग आकडे. एकदा खरोखरच दुसऱ्या कुणा फरीदाचा रिपोर्ट त्यांना दिला होता. तो परत करताना त्या इतक्या खुशीत होत्या की नर्सबाई गोंधळल्या. शेवटच्या भेटीत बोलायला दम लागत होता. मी निघताना त्यांनी हात धरून विचारलं, “सावंत आहे का गं अजून तिकडे?” मी आहे म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या... पण त्या विचार करत होत्या.

त्या गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी मुरुडला गेले. फातेहा झाली होती, माणसं पांगत होती. मी नजमाभाभींबरोबर ओसरीवर बसले होते तेव्हा फाटकातून सावंत आत आला. केस पूर्ण पांढरे झालेले. मी उठले नाही. तो समोरच्या बाकावर बसला, पाण्याचा पेला हातात घेतला. मग म्हणाला की मॅडमनी त्याला त्या कामाबद्दल एकदाही विचारलं नाही.

“विचारलं असतं तर सांगितलं असतं?” मी म्हटलं.

“नाही,” तो म्हणाला. “तेव्हा नसतं सांगितलं.”

मी म्हटलं, मग आता सांगा. त्यानं सांगितलं. यादी लांब असेल तर अमुक नंबर शेवटी घालायचा, असं त्याला त्याच्या वरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं. का, ते त्यानं विचारलं नव्हतं. पण एकदा शेवटी घातलेला डबा साध्या जागेत ठेवलेला त्यानं बघितला, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. शेडमधल्या माणसांची त्याला कल्पना नव्हती, म्हणाला. ते वरचे साहेब दोन वर्षांपूर्वी वारले.

आपांचा वहीम खरा निघाला. मला बरं वाटायला हवं होतं. पण तो बोलत होता तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात एकच चालू होतं, की जाब देणारे ते साहेब आता नाहीत, जाब विचारणाऱ्या आपा नाहीत, आणि हा नेमका आत्ताच बोलतोय. जे नाहीत त्यांच्यावर ढकलायला काय लागतं. कदाचित तो खरं बोलत असेल. कदाचित अर्धंच. मी त्याला विचारलं की हे सगळं तो रामदाससमोर सांगेल का, आणि आवाराच्या आताच्या व्यवस्थापकांसमोर लिहून देईल का. त्यानं पेला खाली ठेवला. बघतो, म्हणाला. जाताना मात्र फाटकापाशी थांबून म्हणाला, “देईन. पण तुम्ही बरोबर चला.” मी येईन म्हटलं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. त्यानं लिहून दिलं, रामदासकडे न बघता. आपांच्या नावापुढची ती ‘त्रुटी’ आता काढून टाकलीय. मी तो सुधारलेला कागद मागून घेऊन दोनदा वाचला.

त्या दिवशी सावंत गेल्यावर नजमाभाभी मला आपांच्या खोलीत घेऊन गेल्या. पलंग, औषधांचं कपाट, आणि वेताची एक खुर्ची. खोलीला मोठी खिडकी आहे, तिच्यातून बाग दिसते, बागेपलीकडे समुद्राची पट्टी. कुणीही तिकडे तोंड करून बसेल. खुर्ची मात्र दाराकडे वळवलेली होती. दारातून ओसरी दिसत होती, आणि पुढे एसटी स्टँडकडून येणारा रस्ता. भाभी म्हणाल्या की घरच्यांनी किती वेळा ती समुद्राकडे फिरवून दिली, पण दुखण्यातसुद्धा फरीदा उठून ती पुन्हा फिरवून घ्यायची. आम्हाला वाटायचं, आमच्यावरच नजर ठेवते.

“मी एकदा चिडून विचारलं तिला,” भाभी म्हणाल्या. “तर म्हणाली, घरात कोण आलं ते कळायला हवं ना. आणि कोण यायचं राहिलं, ते पण.”

मी थोडा वेळ त्या खुर्चीत बसले. रस्त्यावरून शाळेतली पोरं घरी चालली होती. भाभी विचारत होत्या की आता तरी ती खिडकीकडे फिरवायची का. मी नको म्हटलं.